हातभर उंचीवरचा दिवा

बाबा,

मागच्या आठवड्यात आपल्या खोल्यांचं वायरिंग बदलायला माणूस आला होता. गोदामाच्या मालकानं ठरवलं आहे की गोदामाबरोबर मागच्या भाड्याच्या खोल्यांतलीही जुनी लाकडी पट्टी काढून टाकायची आणि पाइपातून नवी तार न्यायची. आलेले मिस्त्री म्हणजे तुमच्याबरोबर सदरमधल्या दुकानांची कामं करायचे तेच. केस आता पूर्ण पांढरे झाले आहेत, शिडी चढताना मध्ये एकदा थांबतात, पण पेन्सिल अजून कानावरच असते. पुढच्या खोलीचं काम आटोपून ते स्वयंपाकघरात आले आणि भिंतीकडे बघत उभेच राहिले. म्हणाले, "बाई, ही लाइन कायची हाय? दारातून निघून इथवर आली, अन् दिवा पाहा तर मोरीपाशी, जमिनीपासून हातभर. अशा जागी कोणी दिवा लावते काय?" मग उकिडवे बसून त्यांनी पट्टीचं झाकण काढलं, आतल्या जोडाचा पीळ बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "हा हात तुमच्या बाबांचा नाही. पण शिकवलेला त्यायचाच हाय." मी म्हटलं, हात माझा आहे. ते थोडं हसले आणि विचारलं, "मग काढू का ठेवू?" मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगते.

तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी ऑफिसात हजारो पत्रं टाइप केली असतील, वर संदर्भ आणि विषय घालून. तुम्हाला लिहायचं तर विषय काय घालायचा ते मला कधी कळलं नाही. म्हणून आज त्या दिव्याचंच लिहिते.

आई बहिरी झाली तेव्हा मी नववीत होते. एकवीस दिवसांचा टायफॉइड. ताप उतरला, गळलेले केस परत आले, कान मात्र आले नाहीत. शेजारपाजारचे लोक तिच्याशी ओरडून बोलायचे, आणि ती दचकून त्यांच्या तोंडाकडे बघायची, कारण ओरडणाऱ्या माणसाचं तोंड रागावल्यासारखं दिसतं. तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. उलट तिच्याशी बोलताना तुम्ही आवाज काढणंच सोडून दिलं. "ती तोंड पाह्यते. आवाज कायले खर्च करू?" असं म्हणायचात. जेवायला बसलं की तुमचे नुसते ओठ हलायचे आणि आई खुदकन हसायची. मला काहीच ऐकू यायचं नाही. त्या घरात मीच बहिरी आहे असं मला कितीदा तरी वाटलं. बाहेर अमरावती रोडवर ट्रक धडधडत असायचे, हमाल एकमेकांना हाका मारायचे, लोखंडी दारं खडखडायची. आई म्हणायची, "या वाडीत सुखानं झोपणारी मी एकटीच आहो."

मॅट्रिक झाल्यावर मी टायपिंग शिकले आणि सदरमधल्या एका कचेरीत लागले. नातेवाइकांपैकी दोघातिघांनी विचारलं की आई एकटी घरी, आणि पोट्टी नोकरीला कशी काय? तुम्ही म्हणालात, "बसनं." एवढंच उत्तर दिलंत. मला तुमचा तो एक शब्द किती दिवस पुरला.

मग तो दिवस आला. मी साडेसहाला घरी पोचले, तर दाराला आतून कडी; रोज माझ्या वेळेला आई ती काढून ठेवायची, त्या दिवशी विसरली. मी कडी वाजवली, थाप मारली, मग दोन्ही हातांनी दार बडवलं. मागच्या खिडकीला जाळी, आणि आई तिच्याकडे पाठ करून तूरडाळ निवडत बसलेली. स्टोव्हवर काहीतरी शिजत होतं, त्याचा वास येत होता. मी जाळीतून खडे टाकले, तेही तिच्यापर्यंत पोचले नाहीत. गोदामाची माणसं जमली. कोणी म्हणे दार तोडा, कोणी म्हणे थांबा. शेवटी एक ड्रायव्हर छपरावर चढला, चार कवेलू बाजूला केले आणि आत उतरू लागला. आईनं मान वर केली तर आढ्यातून माणसाचे पाय खाली येत होते. तिनं हातात आलेलं लाटणं त्याच्या नडगीवर असं मारलं की तो आधी ओरडला आणि मग हसायला लागला. बाहेरचे सगळे हसले. दार उघडल्यावर आईनं एकेकाचं तोंड पाहिलं. कोण काय म्हणतंय ते तिला कळत नव्हतं, फक्त सगळे हसताहेत एवढं दिसत होतं. ती आत जाऊन परत डाळ निवडायला बसली. त्या संध्याकाळी ती तुमच्याशीही बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दार उघडं ठेवायला लागली. एकदा गाय आत येऊन भिजवलेली कणीक खाऊन गेली, ते आई स्वतःच हसून सांगायची. पण नंतर एका दुपारी कोणी ट्रकवाला प्यायला पाणी मागायला आला. दारातून हाका मारल्या, उत्तर नाही, म्हणून बिचारा आत आला आणि तिच्या मागं उभा राहिला. आई वळली, दचकली, आणि कढईतलं तेल मनगटावर सांडलं. त्या माणसाचा काहीच दोष नव्हता. त्यानंच ट्रकमध्ये बसवून तिला डॉक्टरकडे नेलं. मी आले तेव्हा तिच्या हाताला पट्टी होती आणि ती डाव्या हातानं भाजी चिरायचा प्रयत्न करत होती.

दार लावूनही चालत नव्हतं आणि उघडं ठेवूनही चालत नव्हतं. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. मी नोकरी सोडून घरी बसायचं, नाहीतर आईनं मामाकडे जायचं. मामाचं गाव नरखेडकडे, संत्र्याची बाग, घरात माणसं पुष्कळ. ती तिथं सुरक्षित राहिली असती हे खरंच होतं. पण आईला जायचं नव्हतं, आणि मला नोकरी सोडायची नव्हती. बसमध्ये बसलं की एकच विचार, आज घरी काय झालं असेल. त्या धास्तीचाच मला कंटाळा आला होता. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि मामाला लिहिलं. तुमच्या बहिणीला इथं एकटं ठेवणं धोक्याचं आहे, तिचा नवरा ऐकणार नाही, तुम्ही येऊन तिला घेऊन जा. खाली नाव घातलं नाही. आमची भाची किती शहाणी, असं मामानं म्हणू नये म्हणून घातलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी मामा आला. खांद्यावर संत्र्यांची पिशवी, पायात एसटीची धूळ. चहा व्हायच्या आतच त्यानं विषय काढला; आईला तो बाईच म्हणायचा. "भाऊजी, म्या बाईले न्याले आलो. तिकडं पाच बाया हायेत घरात. तुमी दोघंही दिवसभर बाहेर, हिचं काही बरंवाईट झालं तर?" तुम्ही काही बोललात, मामा काही बोलला, मी काही बोलले. आई आमच्या तोंडांकडे टकमक बघत होती. तिघं एकदम बोलले की तिला काहीच धरता येत नसे. शेवटी ती म्हणाली, "एकेक जण बोला." मग मामानं तिच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की तुला न्यायला आलोय.

आईनं आमच्या तिघांची तोंडं पाहिली. मग म्हणाली, "मले माह्या घराचं दार उघडता येत नाही म्हणून मले घराबाहेर काढता काय? कोणं बोलावलं तुले?"

मामानं खिशातून कार्ड काढलं. "हे आलं म्हून आलो. कोणाचं नाव नाही, मले वाटलं शेजारच्या कोणी लिहिलं."

कार्ड तुम्ही घेतलंत. मी भिंतीला टेकून उभी होते. माझं अक्षर तुम्ही पहिलीपासून पाहत आला होतात. तुम्ही कार्ड दोनदा वाचलंत, कारण तुमची नजर खाली जाऊन परत वर आली ते मला दिसलं. त्यात "तिचा नवरा ऐकणार नाही" असं लिहिलेलं होतं. मग तुम्ही ते घडी न करता शर्टाच्या खिशात ठेवलंत, आईकडे तोंड केलंत आणि आवाज न काढता बोललात. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, पण एवढं वाचायला तोवर मीही शिकले होते. मीच लिहायला सांगितलं, असं तुम्ही म्हणालात. मामाला मोठ्यानं म्हणालात, "आठ दिवस थांब गा. पुढच्या रविवारी ये. तेव्हा ती म्हणन तसं करू."

मामा चारच्या बसनं गेला. आई तुमच्यावर रुसली. बहिऱ्या माणसाचं रुसणं कसं असतं ते मी तेव्हा पाहिलं. ती बोलणं बंद करत नव्हती, ती बघणं बंद करत होती. तुम्ही समोर आलात की ती मान फिरवायची आणि तुमचे ओठ हवेत हलत राहायचे. तुम्ही ताटावर बसून एक वाक्य तीनतीनदा म्हणायचात आणि ती आमटीकडे बघत असायची. मला बोलायला हवं होतं. दर संध्याकाळी मी बोलायचं ठरवलं आणि दर संध्याकाळी गप्प राहिले.

सोमवारी तुम्ही कामावरून येताना पिशवीत घंटीचं बटन, दोन होल्डर, तार आणि लाकडी पट्टीचे तुकडे घेऊन आलात. मी विचारलं, घंटी कशाला, तिला ऐकू कुठं येतं? तुम्ही म्हणालात, "घंटी नाही. दिवा. दारात बटन दाबलं का स्वयंपाकघरात दिवा लागन." मग हातोडी माझ्यापुढे धरलीत. "तूच कर. मी पाह्यतो. उद्या मी बाहेरगावी असलो अन् बिघडलं तर कोण पाहीन?"

मी त्याआधी फ्यूजसुद्धा बांधला नव्हता. तुम्ही तारेचं वेष्टण सोलायला शिकवलंत, तांबं न दुखवता, पेन्सिलीचं टोक काढल्यासारखं. जोडाचा पीळ शिकवलात. "घट्ट म्हणजे जोरानं नाही. सारखा." दोन संध्याकाळी लागल्या. पट्टी ठोकताना माझी दोन बोटं काळीनिळी झाली. मंगळवारी दिवा लागला. मी तो स्वयंपाकघराच्या दारावर, चौकटीच्या वर लावला होता, जिथं सगळ्यांच्या घरी दिवा असतो तिथं. मी बाहेर जाऊन बटन दाबलं. थांबले. परत दाबलं. आत दिवा लागत होता आणि विझत होता, आणि आई त्याच्या खाली बसून कांदा चिरत होती. तिनं मान वर केलीच नाही.

तुम्ही मला रागावलात ते तेव्हा. आवाज चढवला नाहीत. "दिवा कुठं लावला?" मी म्हटलं, वर. "काहून?" मी म्हटलं, दिवा वरच असतो. तुम्ही म्हणालात, "तू घराले दिवा लावला. आईले नाही लावला. स्वयंपाक करणाऱ्या बाईची नजर कुठं असते, कधी पाह्यलं काय?"

खरंच मी पाहिलं नव्हतं. आईच्या हातचं रोज खात होते आणि ती कुठं बघते ते मला ठाऊक नव्हतं. बुधवारी तुम्ही कामावर गेला नाहीत. खडूचा तुकडा घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसलात. आई स्टोव्हपाशी बसली की ती ज्या भिंतीकडे बघते तिथं खुणेची रेघ. मोरीवर भांडी घासायला बसली की तिथं रेघ. पोळ्या लाटताना, धान्य निवडताना, तिथं तिथं रेघ. ती रुसलेलीच होती, त्यामुळे तुमच्याकडे बघत नव्हती, आणि म्हणूनच तुम्हाला तिचं सगळं नीट बघता आलं, असं तुम्ही नंतर मला हसत सांगितलंत. संध्याकाळी मी आले तर भिंतीवर सगळ्या रेघा खालीच होत्या. एकही रेघ हातभर उंचीच्या वर नव्हती. दोन ठिकाणी त्या दाट होत्या. एक स्टोव्हसमोर आणि एक मोरीजवळ.

मी दोन्ही ठिकाणी दिवे लावले. दुपारी खिडकीतून ऊन येतं तेव्हा दिवा लागलेला कळणार नाही, म्हणून तुम्ही तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, आतून काजळी फासून, त्याचा आडोसा केलात. मी बटन दाबलं, दोन्ही दिवे लागले. बटन सोडलं, विझले. मी फार खूश होते. तुम्ही खिशातून टेस्टर काढलात आणि विझलेल्या दिव्याच्या होल्डरला लावलात. टेस्टर उजळला.

तेव्हाचा तुमचा चेहरा मला आजही दिसतो. बटन मी फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या, तारेवर घ्यायचं ते न्यूट्रलवर घेतलं होतं. दिवा विझायचा, पण होल्डरपर्यंत करंट आलेलाच असायचा. तुम्ही मेन स्विच बंद केलात, मग माझ्यासमोर बसलात. म्हणालात, "दिवा विझला म्हणजे करंट गेला, असं नाही. वर लावलेला असता तर एखादे वेळी चाललं असतं. हा मोरीपाशी हाय. तुही आई संध्याकाळी ओल्या फडक्यानं सगळं पुसते. दिवाही पुसन."  मी होल्डरकडे बघत रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "रडू नको. सगळे जोड सोड आणि पुन्हा कर." मी सगळे सोडले. पुन्हा केले. त्या वेळी माझ्या तोंडून निघालं, "बाबा, ते कार्ड..."

"तार धर," तुम्ही म्हणालात.

मी धरली. थोड्या वेळानं, जोडाकडेच बघत, तुम्ही म्हणालात, "माह्यावर रुसली तर चालते. चार दिवस रुसन, मग पाहीन. तुह्यावर रुसली तर तिनं कोणाच्या तोंडाकडे पाह्यचं?" आणि टेस्टर माझ्या हातात देऊन म्हणालात, "आता तू तपास." या वेळी टेस्टर उजळला नाही. तो टेस्टर तुम्ही परत घेतला नाहीत.

शनिवारी आई आपणहून आली आणि भिंतीजवळ उभी राहिली. इतके दिवस ठोकाठोक चालली होती, तिला विचारलं कोणीच नव्हतं. ती तुमच्याकडे न बघता मला म्हणाली, "माणूस दाबन, मले दिसन. पण त्याले कसं कळन, मी पाह्यलं म्हणून? तो तर निघून जाईन." तुम्ही मान डोलावलीत. मग दाराबाहेर झिरोचा एक बल्ब लागला आणि त्याचं बटन आईच्या हाताशी. ती आतून दाबेल, बाहेरच्याला कळेल, थांब, येतेय. ती कल्पना तिची होती. तुम्ही हे घरी येणाऱ्या सगळ्यांना सांगायचात, "अर्धं काम माह्या बायकोचं हाय."

रविवारी मामा आला. तुम्ही मला बाहेर जाऊ दिलं नाहीत. आई मोरीवर भांडी घासत होती. दिवा लागला. तिनं राखेचा हात धुतला, पदराला पुसून कोरडा केला, तुम्ही बजावलं होतं तसा, आणि आपलं बटन दाबलं. बाहेरून मामाचा आवाज आला, "अंदर कोण हाय गा?" आणि दिवा परत लागला, परत विझला, परत लागला. मामाला गंमत वाटायला लागली होती. आई दाराशी गेली, कडी काढली आणि म्हणाली, "एकदा दाबलं तरी समजते. मी बहिरी आहो, आंधळी नाही."  मामा इतका हसला की पिशवीतलं एक संत्रं घरंगळत गोदामापर्यंत गेलं. चहा पिताना तो आईला म्हणाला, "बाई, येतं काय मंग?" आई म्हणाली, "दिवाळीले येईन. चार दिवस." आणि मग, आठ दिवसांत पहिल्यांदा, तिनं तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही काहीतरी बोललात. ती हसली. काय ते मला कळलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

पुढं त्या बटनाची एक रीतच पडली. कोणी ठरवली नाही. दूधवाला दोनदा दाबायचा, पोस्टमन तीनदा. मी एकदा टिचकी मारल्यासारखी. तुम्ही एकदाच, पण लांब, आई दाराशी येईपर्यंत बोट काढायचं नाही. आई पोळी तव्यावर टाकता टाकता सांगायची कोण आलंय. माझी नोकरी राहिली. मी सिनियर टायपिस्ट झाले, आता सेक्शनचं काम बघते. ऑफिसात लाइट गेले की पर्समधून टेस्टर काढणारी बाई म्हणून लोक मला ओळखतात. हे सगळं त्या आठ दिवसांतून आलं आहे, बाबा. मी ते कोणाला सांगितलेलं नाही, पण रोज दारात बटन दाबताना मला ते आठवतं.

तुम्ही गेलात त्या दिवसाचं मिस्त्रींनी मला परवा सांगितलं. इतकी वर्षं त्यांनी मनात ठेवलं होतं. सदरच्या दुकानात तुम्ही शिडीवरून खाली उतरलात, पाणी मागितलंत, पायरीवर बसलात आणि तिथंच संपलं. ते दोघातिघांना घेऊन वाडीला आले. दारात उभे राहिले आणि बटनावर बोट ठेवलं, पण बोट उचलायचं त्यांना सुचेना. "मले वाटलं साधी घंटी हाय. मले का मालूम बाई, तुमच्या बाबांचं दाबणं तसं होतं. वहिनी हसत आल्या. दार उघडून माह्याकडे पाह्यलं अन् मंग माह्यामागं पाह्यलं." एवढं सांगून ते पान खायला बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

तेराव्यानंतर मामा परत म्हणाला, बाईला नेतो. या वेळी मी म्हटलं, नाही, आई इथंच राहील, हे तिचं घर आहे. सगळ्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर मी ते तिच्यासाठी म्हटलं नव्हतं. ऑफिसातून येऊन कुलूप उघडायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

परवा मी रजा घेतली आणि तुमच्यासारखी खडू घेऊन स्वयंपाकघरात बसले. आता गॅस आहे, ओटा आहे, आई उभ्यानं स्वयंपाक करते. रेघा वर सरकल्या आहेत. मोरीजवळची तेवढी खालीच राहिली, कारण भांडी ती अजून बसूनच घासते. मिस्त्रींना मी त्या रेघा दाखवल्या आणि म्हटलं, मोरीजवळचा ठेवा, ओट्यासमोरचा या वरच्या रेघेवर घ्या. बटन फेजवर घेतलंत ना, तेही विचारलं. ते म्हणाले, "बाई, मले विचारता?" तरी मी टेस्टर लावून बघितला.

मी रेघा मारत होते तेव्हा आई तांदूळ धूत होती. माझ्या हातातला खडू बघून म्हणाली, "तुहा बाप असाच बसला होता. पण आधी मले भावाकडे धाडाले निघाला होता, हे मी विसरली नाही. माणूस चांगला होता, पण तेवढं मात्र त्यानं केलं. त्याच्या जागी तू असती तर नसतं केलं." ती हे वर्षातून एकदोनदा म्हणते. रागानं नाही, सवयीनं म्हणते. मी दर वेळी काहीतरी काम काढून उठते. परवाही उठले. नळ बंद करायला गेले, तो बंदच होता.

हे पत्र मी तिच्या समोर बसून लिहिते आहे. ती पलंगावर वर्तमानपत्र वाचते आहे. वर्तमानपत्र संपलं की वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचेल, लाइटचं बिल वाचेल. घरात पडलेला लिहिलेला कागद तिनं वाचला नाही असं होत नाही. तुमच्याकडे हे पत्र पोचवण्याचा काही मार्ग नाही, पण तिच्याकडे पोचवायला फक्त टेबलावर ठेवून आत जायचं आहे. तिचं वय आता पासष्टच्या पुढं आहे. ती माझ्यावर रुसली तर किती दिवस रुसेल ते मला माहीत नाही, आणि आता या घरात तिनं तोंड बघावं असं दुसरं कोणी नाही. असं मी स्वतःला सांगते. तुम्ही जे कारण तिच्यासाठी काढलं होतं, ते मी माझ्यासाठी वापरते आहे.

आत्ता तिनं वर्तमानपत्र खाली केलं आणि विचारलं, "कोणाले लिहून राहिली वं?" मी ओठ हलवून सांगितलं, ऑफिसचं आहे. आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवते आहे.